चोवीस सप्टेंबर: एका तडजोडीची सुट्टी

दक्षिण आफ्रिकेत २४ सप्टेंबरला पाळल्या जाणाऱ्या ‘वारसा दिना’चा उगम सांस्कृतिक धोरणात नसून संसदेतील तडजोडीत आहे. वर्णभेदी राजवट संपल्यावर १९९४ मध्ये राष्ट्रीय सुट्ट्यांची नवी यादी ठरवणारे विधेयक आले, तेव्हा झुलू राज्याचा संस्थापक शाका याच्या १८२८ मधील हत्येची स्मृती जागवणारा ‘शाका दिन’ त्यात नव्हता, आणि झुलू अस्मितेवर उभ्या असलेल्या इंकाथा पक्षाने विधेयकाला कडाडून विरोध केला. हा पक्ष त्याच वर्षीच्या एप्रिलमधील निवडणुकीत जेमतेम आठवडाभर आधी सहभागी झाला होता आणि क्वाझुलू-नाताळ प्रांतात त्याच्या व आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या समर्थकांमधील रक्तपात थांबलेला नव्हता, हे ध्यानात घेता सरकारने तारीख राखून नाव का बदलले ते उमगते.

त्याच कायद्याने १६ डिसेंबरलाही ‘सलोखा दिन’ हे नवे नाव दिले. शाकाला मारणाऱ्या सावत्र भावांपैकी डिंगाने पुढे राजा झाला. १८३८ मध्ये १६ डिसेंबरलाच त्याच्या सैन्याचा बोअरांनी, म्हणजे डच वंशाच्या वसाहतकारांनी, केलेला पराभव एके काळी ‘डिंगान दिन’ म्हणून साजरा होई. मारला गेलेला आणि मारणारा असे दोघेही आपापली नावे गमावून एकाच यादीत टिकून राहिले.

२४ सप्टेंबरला शाकाची राजधानी असलेल्या क्वादुकुझा येथे त्याच्या स्मारकापाशी झुलू समुदाय जमतो. पुरुष कमरेमागे ‘इभेशु’ हे कातड्याचे वस्त्र बांधतात, तर विवाहित स्त्रिया ‘इसिचोलो’ ही रुंद, चपटी टोपी घालतात. इतरत्र शाळा-कचेऱ्यांत आपापला पारंपरिक पोशाख करून येण्याची प्रथा रुजली असून, १८६० पासून उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून आणलेल्या भारतीयांचे वंशजही तीत सामील होतात.

२००५ मध्ये यान स्कॅनेल यांनी या दिवशी ‘ब्राय’ करण्याची, म्हणजे निखाऱ्यांवर मांस भाजून सर्वांनी मिळून खाण्याची, मोहीम सुरू केली आणि २००७ मध्ये आर्चबिशप डेस्मंड टुटू तिचे आश्रयदाते झाले. विस्तव सर्व वर्णांच्या घरी पेटतो, हा तिचा युक्तिवाद सोयीचा आहे, पण टीकाकारांच्या मते त्यात वारशाची जागा जेवणावळ घेते. वंचिततेचा इतिहास असलेल्या देशात ही टीका क्षुल्लक म्हणता येत नाही. क्वाझुलू-नाताळमध्ये मात्र अनेक जण या दिवसाला अजूनही शाका दिनच म्हणतात.