टोइंगच्या गाडीला टायर घेताय? साइजशेजारचा हा आकडा आधी वाचा

पावसाळ्यात अंधेरी सबवेत पाणी भरलं की बंद पडलेल्या गाड्या हलवायला टोइंगवाल्यांची धावपळ सुरू होते. काही गॅरेजवाले तर साध्या पिकअपलाच मागे हुक बसवून घेतात. मात्र टायर घेताना दुकानात फक्त साइज सांगितली जाते. इथेच चूक होते, कारण एकाच साइजचे टायर वेगवेगळ्या क्षमतेचे मिळतात.

टायरच्या बाजूवर साइजशेजारी '११८/११४ एल' असं काहीतरी लिहिलेलं असतं. हा लोड इंडेक्स. तो किलोत नसतो, तक्त्यात पाहावा लागतो. ११८ म्हणजे १,३२० किलो, ११४ म्हणजे १,१८० किलो. पहिला आकडा एकेरी टायरचा, दुसरा मागे जोडीने लावलेल्या टायरचा. 'एल' म्हणजे वेगमर्यादा, ताशी १२० किमी.

आता खरी गोम. समजा, कारची पुढची बाजू उचलली आणि हुकवर ७०० किलो आले. मागच्या टायरांवर ७०० किलोच वाढतील ना? नाही. हुक मागच्या अॅक्सलच्याही मागे असतो, त्यामुळे सी-सॉ होतो. दोन अॅक्सलमधलं अंतर ३ मीटर आणि हुक दीड मीटर मागे असेल, तर मागच्या अॅक्सलवर १,०५० किलो वाढतात आणि पुढचे ३५० किलो कमी होतात. म्हणून स्टिअरिंग हलकं लागतं, पुढच्या ब्रेकची पकडही घटते.

रिकाम्या पिकअपचा मागचा भार १,३०० किलो धरला तर एकूण २,३५० झाले. मागे १०८ इंडेक्सचे (प्रत्येकी १,००० किलो) दोनच टायर असतील तर ते कमी पडतात. ११६ चे (१,२५० किलो) जेमतेम पुरतात. अंदाज नको, वजनकाट्यावर फक्त मागची चाकं चढवून भार मोजून घ्या.

मोठ्या ट्रकचंही तेच. केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये चार टायरांच्या अॅक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली. १४६/१४३ चे चार टायर जोडीने १०.९ टनच पेलतात. जुन्या मर्यादेला ते पुरत होते, नव्या मर्यादेइतका माल भरला तर पुरत नाहीत. १५२/१४८ चे चार टायर १२.६ टन पेलतात.

एक लक्षात ठेवा, दणकट टायर लावला म्हणून अॅक्सल, रिम किंवा ब्रेकची ताकद वाढत नाही. आरसीवरची वजनमर्यादा तीच राहते. टायरवर लिहिलेली क्षमताही कंपनीने सांगितलेली हवा भरली तरच मिळते. कमी हवेचा टायर भाराखाली जास्त वाकतो, तापतो आणि फुटतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. मुलुंडहून कसारा घाटात बंद गाडी आणायला निघायचं असेल तर निघण्यापूर्वीच. घाट उतरून आल्यावर गरम टायरमधली हवा जास्त दिसते, ती काढू नका.