रडणे थांबले म्हणजे दुःख संपले?

लहान मुलाची शस्त्रक्रिया ठरली, की आईवडील एक गोष्ट गृहीत धरतात: आपल्याला त्याच्याजवळ थांबता येईल. ही मुभा वाटते तितकी जुनी नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांत पालकांना आठवड्यातून एखाद-दोन वेळा, तेही तासाभरापुरतेच भेटता येई. काही ठिकाणी तर मुळीच नाही. कारणे दोन दिली जात. पहिले संसर्गाचे भय. प्रतिजैविकांपूर्वीच्या काळात ते अनाठायीही नव्हते. दुसरे असे, की आई भेटून गेली की मूल रडते. ती आलीच नाही तर दोन-चार दिवसांत ते ‘रुळते’.

हे ‘रुळणे’ म्हणजे नेमके काय, असा प्रश्न लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधील जेम्स रॉबर्टसन यांनी विचारला. जॉन बोल्बी यांच्यासोबत काम करताना त्यांनी कक्षांतील मुलांचे दीर्घकाळ निरीक्षण केले. त्यांना तीन टप्पे दिसले: आधी आक्रोश, मग निराशा आणि शेवटी अलिप्तता. परिचारिकांना जे मूल शहाणे वाटे, ते प्रत्यक्षात आशा सोडून बसलेले असे.

हे कोणी मानेना, तेव्हा रॉबर्टसन यांनी कॅमेरा हाती घेतला. नाभीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस दाखल झालेली, अडीच वर्षांचीही न झालेली लॉरा त्यांनी चित्रित केली. सोयीचे तेवढेच टिपले, असा आक्षेप येऊ नये म्हणून चित्रणाच्या वेळा आधीच ठरवल्या होत्या आणि भिंतीवरचे घड्याळ त्याची साक्ष देत होते. लॉरा फारशी रडत नाही. ती रडू आवरते, आणि तेच पाहणाऱ्याला असह्य होते. १९५२ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनपुढे हा चित्रपट दाखवला, तेव्हा अनेक डॉक्टर संतापले. पण सात वर्षांनी, १९५९ मध्ये, शासननियुक्त प्लॅट समितीने शिफारस केली, की पालकांना भेटीची मोकळीक असावी आणि लहान मुलांसोबत आईला राहू द्यावे. शिफारशी कागदावरच राहू नयेत म्हणून १९६१ पासून पालकांनी स्वतःची संघटना उभारून पाठपुरावा केला.

याच शतकात शांततेचा दुसरा एक चुकीचा अर्थ शस्त्रक्रियागृहातही लावला जात होता. नवजात बाळाची मज्जासंस्था अपरिपक्व असते, म्हणून त्याला वेदना जाणवत नाहीत, असा समज होता. शिवाय पूर्ण भूल त्याला झेपणार नाही अशी धास्ती होती. त्यामुळे अनेक बाळांना स्नायू शिथिल करणारे औषध आणि थोडा नायट्रस ऑक्साइड एवढ्यावरच शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागे. बाळ हलत नसे, कारण त्याला हलताच येत नसे.

हे चित्र बदलण्यात एका भारतीय संशोधकाचा वाटा मोठा आहे. इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी हृदयालगतची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया होणाऱ्या अकाली जन्मलेल्या बाळांचा अभ्यास केला. सोळा बाळांपैकी आठांना नेहमीच्या पद्धतीसोबत फेंटानिल हे वेदनाशामक दिले, आठांना दिले नाही. ज्यांना ते मिळाले नाही, त्यांच्या रक्तातील ताणाची संप्रेरके कितीतरी अधिक वाढली आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही अधिक झाली. १९८७ मध्ये हा शोधनिबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्याच सुमारास, आपल्या बाळाला पुरेशी भूल दिलीच नव्हती हे उशिरा कळलेल्या एका अमेरिकन मातेने हा प्रश्न जाहीरपणे मांडला होता. त्याच वर्षी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नवजातांनाही भूल द्यायला हवी, अशी भूमिका घेतली.

भारतात सामान्य कक्षात मुलाजवळ घरचे माणूस थांबतेच. अनेकदा मनुष्यबळ अपुरे असल्याने त्याच्यावाचून चालतही नाही. नवजात अतिदक्षता विभागाचे दार मात्र बहुधा बंदच असे. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात पालकांना प्रशिक्षण देऊन आत घेतले गेले. संसर्ग वाढला नाही, स्तनपान मात्र वाढले. २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अशा कुटुंब-सहभागी शुश्रूषेची मार्गदर्शक तत्त्वे काढली.

पालक जवळ असले की सारे साधते, असेही नाही. भूल देताना पालकाच्या केवळ उपस्थितीने मुलाची भीती कमी होतेच असे अभ्यासांत दिसत नाही. स्वतः घाबरलेला पालक मुलाला धीर देऊ शकत नाही. म्हणून पालकाचीही तयारी लागते: काय होणार हे आधी समजून घेणे, मुलाला त्याच्या भाषेत खरे सांगणे, ‘काहीच दुखणार नाही’ असे खोटे आश्वासन न देणे, आणि वेदनाशमनाची योजना डॉक्टरांना निःसंकोच विचारणे.

रॉबर्टसन आणि आनंद यांची साधने निराळी होती. एकाकडे कॅमेरा, दुसऱ्याकडे रक्ताचे नमुने. दोघांनी सिद्ध केले ते एकच: ज्याला बोलता येत नाही, त्याचे मौन ही संमती नव्हे. खाटेशेजारी बसलेल्या आईवडिलांना त्या मौनाचा अर्थ कित्येकदा आधी कळतो. त्यांचे म्हणणे निरीक्षण म्हणून नोंदवून घेणे, हेही विज्ञानाचेच काम आहे.