राजाबाई टॉवरवरची चोवीस माणसं

आपल्या बॅचमधल्या बहुतेकांच्या पदवीवर मुंबई विद्यापीठाचं नाव आहे. फोर्टमधल्या त्या विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर तर मुंबईकराला वेगळा दाखवावा लागत नाही. पण त्या टॉवरवर चोवीस माणसं उभी आहेत, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मला तरी चाळिशी ओलांडेपर्यंत ठाऊक नव्हतं. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा म्हटलं, या माणसांबद्दलच लिहावं.

आधी थोडा इतिहास. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ मध्ये, पण त्याला स्वतःची इमारत नव्हती. पुढच्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापूस बाजारात पैशाचा पूर आला. त्या बाजाराचे अनभिषिक्त राजे होते प्रेमचंद रायचंद. १८६४ मध्ये त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि पाठोपाठ मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला आईचं, म्हणजे राजाबाईंचं नाव द्यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. राजाबाईंना दिसत नसे, त्या सूर्यास्ताआधी जेवण्याचा जैन नेम पाळत, म्हणून त्यांना वेळ कळावी यासाठी घंटा बसवल्या, अशी गोष्ट सांगतात. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, शेअरबाजार बुडाला आणि प्रेमचंदही त्यात बुडाले. विद्यापीठाला दिलेलं दान मात्र टिकलं. १८६९ मध्ये काम सुरू झालं आणि १८७८ च्या नोव्हेंबरात २८० फूट उंचीचा मनोरा पुरा झाला. तेव्हा मुंबईत याहून उंच काही नव्हतं.

आराखडा होता सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरचं भव्य हॉटेल बांधणारे ते हेच. स्कॉट मुंबईत कधीच आले नाहीत. त्यांनी नकाशे लंडनहून पाठवले आणि मनोरा पुरा होण्याआधी, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, ते वारले. म्हणजे ज्यांचं नाव या इमारतीशी कायमचं जोडलं गेलं, त्यांनी ती एकदाही पाहिली नाही.

मग ती प्रत्यक्षात उभी कोणी केली? याचं उत्तर शोधताना मला ती चोवीस माणसं भेटली. काही वर्षांपूर्वी एका रविवारी फोर्टमधल्या हेरिटेज वॉकला गेले होते. ओव्हलच्या बाजूने टॉवर बघत असताना वाटाड्याने हातात दुर्बीण दिली आणि म्हणाला, "घड्याळ सोडा, कोपरे बघा." नुसत्या डोळ्यांना जी नक्षी वाटत होती, तिथे दुर्बिणीतून चक्क माणसं दिसायला लागली. अंगरखा घातलेली, पागोटं बांधलेली, प्रत्येकाची ठेवण वेगळी. गॉथिक इमारत म्हटली की त्या कोनाड्यांत ख्रिस्ती संत किंवा राजेराण्या असायच्या. इथे त्यांच्या जागी पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींची माणसं उभी आहेत.

हे पुतळे घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. ते कुणी नावाजलेले शिल्पकार नव्हते, या बांधकामावरचे असिस्टंट इंजिनिअर होते. त्यांनी एकेका समाजाची चेहरेपट्टी आणि पेहराव यांचा बारकाईने अभ्यास केला, असं जुन्या मुंबईच्या वर्णनांत नोंदलेलं आहे. मी स्वतः इंजिनिअर असल्यामुळे असेल, पण त्या 'असिस्टंट' शब्दापाशी मी थबकले. आराखडा साहेबाचा, पैसा शेटजींचा, नाव आईचं. आणि चेहरे? ते साइटवर उभं राहून काम करून घेणाऱ्या माणसाने दिले.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती टाळता येणार नाही. तो काळच हिंदी माणसांची वर्गवारी करण्याचा होता. 'द पीपल ऑफ इंडिया' हे जातीजमातींच्या फोटोंचे आठ खंड सरकारने १८६८ ते १८७५ या काळात काढले. देशातली पहिली शिरगणती १८७२ च्या सुमारासची. राज्य करायचं तर प्रजा नमुन्यांसारखी मांडून ठेवायची, हा हिशेब त्यामागे होता. चोवीस पुतळे म्हणजे दगडातला तसाच नमुनासंच, असं कोणी म्हटलं तर ते खोडून काढता येणार नाही. तरीही मला वाटतं, विद्येच्या मंदिरावर परक्या संतांऐवजी रस्त्यावरची आपली माणसं चढली, ही गोष्ट लहान नाही. दोन्ही गोष्टी एकाच दगडात आहेत आणि त्या तशाच बघायला हव्यात.

आमच्या धंद्यात एक किस्सा प्रसिद्ध आहे. अटारी कंपनी एके काळी गेम लिहिणाऱ्यांची नावं देत नसे. तेव्हा वॉरन रॉबिनेट या प्रोग्रॅमरने 'ॲडव्हेंचर' या गेममध्ये एक गुप्त खोली करून तिच्यात स्वतःचं नाव लपवलं. मुकुंद रामचंद्र यांचं मोठेपण मला इथे जाणवतं. उंचावरची जागा त्यांच्या हाती आली, तेव्हा त्यांनी तिथे इतरांचे चेहरे बसवले.

आपल्या शाळेच्या दर्शनी भागात देणगीदारांची संगमरवरी पाटी आहे आणि ती असायलाच हवी. पण प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या वर्षानुवर्षं फुटू न देणारे मामा, फी राहिली तरी हजेरीतून नाव न काढणाऱ्या बाई, घंटा एक मिनिटही न चुकवणारे शिपाईकाका यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत. या स्मरणिकेत सगळ्यांनी मिळून ती लिहून काढावीत, असं मला मनापासून वाटतं. पन्नास वर्षांनी कोणी हे पुस्तक उघडलं, तर त्याला ती शोधत बसावी लागणार नाहीत.

आणि हो, फोर्टला जाल तेव्हा दुर्बीण न्या. नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करा. २०१५ मध्ये जीर्णोद्धार पूर्ण झाल्यापासून दगड स्वच्छ दिसतो. सकाळी मनोऱ्याची मैदानाकडची बाजू सावलीत असते, तेव्हा दुपारनंतर उन्हं तिकडे वळल्यावर जा.