टनाला भाव, खोळंब्याला नाही

1950 साली प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम झाला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाने वाढत गेले. ऊस तोडायला आणि वाहायला माणसे मात्र बीडच्या कोरडवाहू बालाघाटातून आली. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून. 1972 च्या दुष्काळाने ही वाट कायमची रुळली. सुरुवातीला वाहतूकदार असा वेगळा नव्हताच. गाडी सेंटरवरचे जोडपे पहाटे फडात ऊस तोडी, मोळ्या बांधी, गाडी भरी आणि गडी तीच बैलगाडी हाकत कारखान्याच्या वजनकाट्यावर नेई. बैल त्याचे स्वतःचे, टायरची गाडी बहुधा कारखान्याची, तीही भाड्याने. लांबच्या फडांसाठी पुढे ट्रक आणि दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आले. मोळ्या डोक्यावरून वाहणाऱ्या डोकी सेंटरच्या टोळ्या ऊस तोडून वाहने भरू लागल्या आणि वाहतूक चालकाकडे गेली. वाहन बदलले, हिशोब तोच राहिला: काट्यावर भरतील तेवढे टन आणि अंतराप्रमाणे दर. कारखान्यात ऊस उतरतो त्या गव्हाणीपुढच्या रांगेत गेलेली रात्र या हिशोबात कधीच धरली गेली नाही, आणि ऊस स्वस्तात वाहिला जातो तो मुख्यतः त्यामुळे.

ऊस हा वजनदार पण कमी मोलाचा माल. 2024-25 च्या हंगामात त्याची एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) क्विंटलला 340 रुपये, म्हणजे किलोला 3 रुपये 40 पैसे होती. इतक्या स्वस्त मालावर वाहतुकीचा जास्त बोजा टाकता येत नाही. दुसरीकडे गाळप रात्रंदिवस चालले पाहिजे, त्यामुळे दारात गाड्यांची रांग असणे कारखान्याच्या सोयीचे असते. या सोयीची किंमत कारखाना मोजत नाही. ती बैलांच्या वैरणीतून, चालकाच्या झोपेतून आणि बुडालेल्या खेपेतून वसूल होते. 2025 पर्यंत लागू असलेला मोटार परिवहन कामगार कायदा 1961 चा होता. त्यात दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा होती. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांना लागू होत असे. एका-दोन गाड्यांच्या मालकाकडे काम करणारा चालक त्याच्या बाहेरच राहिला. संप आणि लवादांनीही दरच वाढवला. 2020 मध्ये 14 टक्के वाढ झाली; जानेवारी 2024 मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादात तोडणीला 34 टक्के वाढ मिळून टनाचा दर 273 रुपयांवरून सुमारे 366 वर गेला. ही वाढ मोठीच; पण तीही टनावरच मोजलेली.

यावर पहिला आक्षेप शेतकऱ्याच्या बाजूने येतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या बिलातूनच कापला जातो, तेव्हा दर वाढला की भार शेतकऱ्यावर पडणार. हे खरे आहे. पण आज तो भार पडत नाही असे थोडेच आहे? ‘एंट्री’ आणि ‘खुशाली’ या नावांनी चालक आणि टोळ्या शेतकऱ्याकडून रोख पैसे घेतात, अशा तक्रारी दर हंगामात होतात. अपुरी मजुरी अशी पावतीविना भरून काढली जाते. शिवाय खोळंबा कारखान्याच्या नियोजनातून होतो, म्हणून त्याचा मोबदला कारखान्याच्या खर्चात पडायला हवा, शेतकऱ्याच्या कपातीत नव्हे. कारखानदार म्हणतील, साखरेचा किमान विक्री दर 2019 मध्ये किलोला 31 रुपये झाला तो वर्षानुवर्षे तिथेच अडकला. ही अडचण खरी आहे. पण खोळंब्याला किंमत लागली तर तोडीच्या स्लिपा गाळपाच्या क्षमतेप्रमाणे निघतील, रांगच आखडेल आणि मोबदल्याची रक्कमही घटेल.

दुसरा आक्षेप उचलीचा. टोळ्या जमवणारे मुकादम आणि टोळ्या लाखांची उचल घेऊन कामावर येतच नाहीत, त्यात वाहनमालक बुडतो. मग दया कोणाची करायची? फसवणूक होते आणि गाडीचे हप्ते थकलेल्या मालकाचे त्यात खरेच नुकसान होते. पण उचल म्हणजे आगाऊ मजुरीच. हंगामभराच्या कष्टात घर चालले असते, तर दसऱ्याआधी अंगावर कर्ज घ्यायची वेळ फार थोड्यांवर आली असती. बुडवेगिरीला कायदा आहे. तिच्यासाठी प्रामाणिक गाडीवानाची मजुरी अडवता येणार नाही.

म्हणून पुढच्या करारात टक्क्यांच्या जोडीला एक कलम हवे: गाडीने नंबर लावल्याची आणि रिकामी होऊन सुटल्याची वेळ पावतीवर नोंदवावी, आणि ठरलेल्या तासांपलीकडच्या खोळंब्याचे पैसे कारखान्याने गाडीवानाला व चालकाला द्यावेत.