काशीवास : म्हातारपणाची जुनी सोय

उतारवयात घरादाराचा निरोप घेऊन काशी गाठायची, ती परत न येण्यासाठी. काशीत देह पडला की मोक्ष, ही श्रद्धा त्यामागे होतीच. पण तिथे पोटाचीही सोय होती, हे विसरून चालत नाही.

त्या सोयीत मराठी पैसा मोठा. १७८० च्या सुमारास अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे देऊळ पुन्हा उभारले, घाट बांधले. इंग्रजांकडून सालिना सात लाखांचा तनखा घेऊन बाजूला झालेल्या अमृतराव पेशव्यांनी राजाघाट बांधून अन्नछत्र घातले. पेशवाई बुडाल्यावर धाकटे चिमाजीअप्पाही काशीलाच गेले. त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांची मनकर्णिका, पुढे झाशीची राणी, इथेच जन्मली. दुर्गाघाट, ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत मराठी रुळली.

पहाटे गंगास्नान, दुपारी छत्रातले जेवण, रात्री एखाद्या वाड्यातली अंधारी खोली. एवढ्यावर आयुष्याची अखेर भागे.

पण छत्राची पंगत बहुतेक ब्राह्मणांचीच. शिवाय केशवपन केलेल्या कितीतरी विधवा श्रद्धेने आल्या, तशा घरच्यांना नकोशा झाल्या म्हणूनही आल्या. या प्रथेचे गोडवे गाताना त्यांना वगळणे हा अन्यायच.

१९५८ मध्ये सुरू झालेल्या काशीच्या मुक्तिभवनात आजही मरणासन्न माणसाला खोली मिळते, साधारण पंधरा दिवसांच्या बोलीवर.