एका तारखेची गोष्ट : १ जानेवारी १९८३

परवा तालुक्याच्या गावी एका कार्यालयात बसलो होतो. एक म्हातारे बाबा एका खिडकीवरून छापील कागद घेऊन पलीकडच्या खिडकीवर गेले. तिथल्या बाईंनी तोच कागद बघून सगळं पुन्हा टाईप केलं. दोन्ही टेबलांवर संगणक, दोन्हीकडे इंटरनेट. विचारलं तर उत्तर आलं, "त्यांची सिस्टीम वेगळी, आमची वेगळी."

मंडळी, हे उत्तर जुनं आहे. खुद्द इंटरनेटच या अडचणीतून जन्मलंय.

१९६९ साली अमेरिकेत संरक्षण खात्याच्या पैशातून अर्पानेट सुरू झालं. चार ठिकाणं जोडली, चारही ठिकाणचे संगणक वेगळ्या जातीचे. एकाचं दुसऱ्याला कळेना. म्हणून बोलण्याचे सामायिक नियम ठरवले. यालाच प्रोटोकॉल म्हणतात. त्या पहिल्या नियमावलीचं नाव एनसीपी.

पुढे रेडिओवर आणि उपग्रहावर चालणारी वेगळी नेटवर्क आली. एनसीपीला आपल्या घराबाहेरचा पत्ताच लिहिता येईना. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये तोडगा मांडला, त्यातून टीसीपी/आयपी तयार झालं. रीत टपालासारखी. प्रत्येक संगणकाला पत्ता, मजकुराची छोटी पाकिटं, एखादं हरवलं तर पाठवणाऱ्यानेच पुन्हा पाठवायचं. मधलं नेटवर्क कुठलंही असो.

पण चालू गाडा बदलायला कोण तयार होतो? "आमचं काय अडलंय?" हेच सगळीकडे. नोव्हेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी बदलाचा आराखडा सगळ्यांना वाचता येईल असा जाहीर केला. वर्षभर दोन्ही नियम जाणणारे काही संगणक दुभाष्याचं काम करतील आणि १ जानेवारी १९८३ ला एनसीपी बंद. तरी बरेच जण ढिम्मच. मग १९८२ च्या मध्यावर एक दिवस एनसीपी खरंच बंद करून दाखवलं. काही महिन्यांनी पुन्हा दोन दिवस. तेव्हा कुठे लोकांना पटलं की ही तारीख खरी आहे. ऐन वेळी काही जण मागे राहिलेच, त्यांना थोडी सवलत मिळाली. पण तारीख हलली नाही.

आपल्याकडे १९८६ मध्ये अर्नेट सुरू झालं. मुंबईची एनसीएसटी त्यात होती. तिथेही सुरुवातीला दोन नियमावल्या शेजारी शेजारी चालायच्या, शेवटी टीसीपी/आयपीच टिकलं.

या सगळ्यात मला यंत्रापेक्षा तीन गोष्टी मोठ्या वाटतात. सगळ्यांसाठी उघडे नियम, एक ठरलेली तारीख, आणि ती पाळायला लावणारं कुणीतरी. या तिन्ही नसल्या की दोन खिडक्यांमधली वायर म्हणून माणसालाच पळावं लागतं. परवा ते बाबा पळत होते.

तुम्हाला एकच कागद किती ठिकाणी द्यावा लागतो? कमेंटमध्ये लिहा. यादी घेऊन साहेबांना एकच प्रश्न विचारणार आहे : तुमची १ जानेवारी कधी?