भोसरीची रक्तपरीक्षा

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागले म्हणजे भोसरी येते. लेथ, साचे आणि मोटारींचे सुटे भाग यांच्या कारखान्यांनी हा परिसर गजबजलेला आहे. शेजारच्या पिंपरीत १९५५ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सच्या कारखान्यातून पेनिसिलिन बाहेर पडू लागले, ही हकीकत जुन्या पुणेकरांना सांगावयास नको. याच औद्योगिक पट्ट्यात १९९२ च्या ऑक्टोबरात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन केली, ही गोष्ट मात्र तितकीशी परिचित नाही. संस्थेचे नाव आता बदलून बरेच लांबले आहे. ‘नारी’ हे जुने आटोपशीर नाव येथे पुरे.

भारतात हा विषाणू प्रथम १९८६ साली मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत, आढळला. तो शोध डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, आणि त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला सेल्लप्पन यांचा. त्या काळी रक्तपरीक्षा ‘एलायझा’ पद्धतीने होई. तिच्या तबकडीला ९६ खळगे असतात. मोठ्या रक्तपेढीस ही सोय उत्तम. पण तालुक्याच्या इस्पितळात दिवसाकाठी तीन-चारच नमुने यावयाचे. खळगे भरण्याइतके नमुने साठेपर्यंत थांबावे, तर रोगी घरी निघून जातो आणि परत येईलच असा भरवसा नाही. एका वेळी पुष्कळ नमुने तपासणारे साधन लहान गावी रोग्याला अधिकच खोळंबून ठेवी, असा हा उलटा न्याय होता. पुढे अर्ध्या तासात एकेका नमुन्याचा निकाल देणाऱ्या शीघ्र चाचण्या आल्या आणि ती अडचण बरीचशी सरली.

तथापि परीक्षा हजारो केंद्रांतून होऊ लागताच दुसरी चिंता उभी राहिली. प्रत्येक ठिकाणचे उत्तर खरे कशावरून? खोट्या होकाराने एखादा संसार मोडावा, खोट्या नकाराने रोग नकळत पुढे जावा, असे हे प्रकरण. यासाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने नियम घालून दिला: जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या महिन्यांच्या पहिल्या आठवड्यात जमलेल्या नमुन्यांपैकी होकारार्थी असतील त्यांतील २० टक्के व नकारार्थी असतील त्यांतील ५ टक्के नमुने केंद्राने वरच्या प्रयोगशाळेकडे फेरतपासणीस धाडावेत. त्या वरच्या प्रयोगशाळांचीही परीक्षा होते. त्यांच्याकडे केवळ सांकेतिक अंक घातलेले नमुने येतात आणि आत काय आहे हे पाठविणाराच जाणतो. या उतरंडीच्या माथ्यावर भोसरीची संस्था बसविली गेली. कारखान्यात नग मोजून कार्यक्षमता ठरते. येथे दिलेले उत्तर दुसऱ्याने तपासले तरी तेच निघते काय, यावर ती ठरते.

सर्वांत बिकट प्रश्न तान्ह्या मुलांचा होता. नेहमीची चाचणी विषाणू शोधीत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधते. बाधित मातेची प्रतिद्रव्ये मुलाच्या रक्तात उतरतात आणि अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. तोवर मूल बाधित आहे की आईचा वारसा तेवढा मिरवीत आहे, हे त्या चाचणीने कळत नाही. आणि थांबावयास वेळ कोठे आहे? उपचारावाचून बाधित बालकांपैकी सुमारे निम्मी दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. विषाणूचा जनुकद्रव्यांश प्रत्यक्ष शोधणारी ‘पीसीआर’ चाचणी सहाव्या आठवड्यातच उत्तर देऊ शकते. पण तिची यंत्रे मोजक्या शहरांत, आणि ताजे रक्त बर्फात घालून तेथवर नेणे खेडेगावातून जमणारे नव्हते.

उपाय अगदी साधा निघाला. मुलाच्या टाचेस सुई टोचून रक्ताचे काही थेंब जाड शोषककागदाच्या कार्डावर घ्यावयाचे, ते सावलीत पुरते वाळवावयाचे आणि ओलावा शोषणाऱ्या पुडीसह पाकिटात बंद करावयाचे. बर्फ नको, काचनळी नको. पाकीट कुरियरने निघते. देशात २०१० साली ही योजना सुरू झाली आणि पाकिटे स्वीकारणाऱ्या प्रयोगशाळांत भोसरीची एक होती.

जाण्याचा रस्ता असा सुकर झाला. परतीचा मात्र तितका नाही. पहिलटकरीण बाळंतपणासाठी माहेरी आलेली असते. कार्डावर पत्ता तेथला पडतो. निकाल केंद्रावर पोहोचेपर्यंत ती मुलाला घेऊन सासरी, कदाचित दुसऱ्या जिल्ह्यात, गेलेली असते. आणि घरात कोणास काही कळू न देता तिला शोधून काढण्याचे काम केंद्रातील समुपदेशकाकडे येते.